हरारेचं वारूळ

उन्हाळ्यात गच्चीवर झोपायचं असेल तर संध्याकाळी आधी दोन बादल्या पाणी मारावं लागतं. ऊन कधीच उतरलेलं असतं, वाराही सुटलेला असतो, तरी अनवाणी पाय ठेवला की स्लॅब चटका देतो. जड वस्तू सावकाश तापते आणि सावकाशच निवते. आपल्याला छळणारा हाच गुण झिम्बाब्वेच्या राजधानीत, हरारेत, एका मोठ्या व्यापारी संकुलाला गार ठेवतो.

हे ईस्टगेट सेंटर, १९९६ सालचं. नऊ मजल्यांच्या दोन समांतर इमारती, मध्ये काचेच्या छताखालचा चौक, खाली दुकानं, वर कार्यालयं. नेहमीची वातानुकूलन यंत्रणा इथे बसवलेलीच नाही.

वास्तुरचनाकार मिक पिअर्स यांनी दोन गोष्टी हेरल्या. पहिली तिथली हवा. हरारे समुद्रसपाटीपासून सुमारे १,४९० मीटर उंचीवर आहे. दुपार तापली तरी रात्र चांगली गार होते. दुसरी, माळरानावर माणसाहून उंच उभी असणारी वारुळं. त्यांच्या आत वाळवी बुरशीची शेती करते. या शेतीला सतत एकच तापमान लागतं आणि ते राखण्यासाठी वाळवी हवेच्या वाटा उघडत-बुजवत राहते, असं तेव्हा मानलं जाई.

इमारतीतही हवेच्या अशाच वाटा आहेत. मजल्यांची जमीन पोकळ आहे. रात्री मोठे पंखे चौकातली गार हवा ओढून त्या पोकळीतून खेळवतात. तासाला साधारण १० वेळा हवा बदलते आणि पहाटेपर्यंत सगळं काँक्रीट निवतं. दिवसा हाच वेग तासाला २ वेळांवर येतो. गार काँक्रीटला घासून आलेली हवा खिडक्यांखालच्या जाळ्यांतून खोलीत शिरते. माणसं, दिवे, संगणक यांनी ती तापली की वर चढते आणि विटांच्या ४८ धुराड्यांतून निघून जाते.

बाहेरच्या भिंतीही मुद्दाम खडबडीत ठेवल्या आहेत. निवडुंगाच्या कंगोऱ्यांसारखे पुढे आलेले भाग दिवसा भिंतीवर सावली धरतात आणि रात्री, पृष्ठभाग वाढल्यामुळे, उष्णता भराभर आकाशाकडे सोडतात. काच बाह्य भिंतीच्या पाव भागाहून जास्त नाही. मॉलच्या काचेरी दर्शनी भागावर वारली चित्रं काढली, दारात दगडी कमान उभारली, की त्याला स्थानिक शैली म्हणायची पद्धत आपल्याकडे पडली आहे. मला ते पटत नाही. आत एसी तर दिवसभर चालूच राहतो.

मात्र वारुळाबद्दलची समजूत पुढे बदलली. जीवशास्त्रज्ञ स्कॉट टर्नर आणि अभियंता रूपर्ट सोर यांनी २००८ मध्ये मांडलं, की वारुळातलं तापमान वर्षभर एकसारखं नसतं. भोवतालच्या जमिनीबरोबर ते ऋतूप्रमाणे चढतं-उतरतं. वरचा मनोरा वाऱ्याच्या झोतांवर चालतो आणि त्याचं मुख्य काम श्वासोच्छ्वासाचं, फुप्फुसासारखं. म्हणजे पिअर्स यांना वारुळातून जे सुचलं, ते वारूळ स्वतः तसं करत नव्हतं. तरी इमारत गार राहते, कारण हरारेची थंड रात्र आणि काँक्रीटचं वजन या दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत.

मुंबईत हे जमणार नाही. मे महिन्यात तिथे पहाटेही पारा २७ च्या आसपास असतो आणि हवा दमट. पुण्यात मात्र एप्रिलच्या दुपारी ३८ अंश असले तरी पहाटे ते २०-२१ वर उतरतात.