वार पडल्यानंतर

"आमच्या वेळी नव्हती बाई असली थेरं. रडायला वेळ कुणाला होता?" एका बारशात पाळण्याशेजारी बसलेल्या आजी म्हणाल्या. बाळाची आई तेव्हा आतल्या खोलीत भिंतीकडे तोंड करून पडली होती. ते वाक्य काही डोक्यातून जाईना.

तिसऱ्या-चौथ्या दिवशी उगाचच भरून येणं हे निम्म्याहून अधिक बाळंतिणींना होतं आणि दोनेक आठवड्यांत ओसरतं. बाळंतपणानंतरचं नैराश्य त्यापुढेही टिकतं. बाळ झोपलं तरी हिचा डोळा लागत नाही, बाळाबद्दल काहीच वाटत नाही, आणि वाटत नाही याची लाज वाटते.

गरोदरपणात वार, म्हणजे पोटात बाळाला पोसणारा आणि बाळंतपणानंतर पडणारा अवयव, प्रोजेस्टेरॉन हे हार्मोन भरपूर बनवते. त्यापासून शरीरात अ‍ॅलोप्रेग्ननोलोन तयार होतं. (जीभ अडखळते, पण नाव लक्षात ठेवा.) मेंदूतल्या पेशींवर 'गाबा' या रसायनाने उघडणारी दारं असतात. दार उघडलं की ऋणभारित क्लोराइड आत शिरतं आणि पेशीची उत्तेजना उतरते. अ‍ॅलोप्रेग्ननोलोन हे दार जास्त वेळ उघडं धरतं. मग मेंदू अतिशांत व्हायला हवा ना? उंदरांत असं दिसलं की गरोदरपणात 'डेल्टा' घटक असलेली ही दारंच कमी होतात आणि तोल राहतो. वार पडली की हार्मोन काही दिवसांत कोसळतं. दारं आधीच कमी, त्यात ती धरून ठेवणाराही गेला. ज्या माद्यांमध्ये डेल्टा घटकच नव्हता, त्यांनी पिलांची हेळसांड केल्याचं 2008 साली दिसून आलं.

पण हार्मोन तर प्रत्येकीचंच कोसळतं! याचं उत्तर 2000 सालच्या एका अमेरिकन प्रयोगात आहे, आणि तो माझा फार आवडता. 16 स्त्रिया, त्यांतल्या आठजणींना पूर्वी बाळंतपणानंतर नैराश्य आलेलं. कुणीच गरोदर नाही. सगळ्यांना आठ आठवडे हार्मोनं भरपूर दिली आणि मग त्यांना नकळत बंद केली. पूर्वी नैराश्य आलेल्या आठांपैकी पाचजणींची मनःस्थिती ढासळली, उरलेल्या आठांपैकी एकीचीही नाही. घसरण तीच, मेंदू वेगळा. यात थेरं कुठून आली?

अ‍ॅलोप्रेग्ननोलोनच 60 तास सलाइनवाटे देण्याला अमेरिकेत 2019 मध्ये मान्यता मिळाली, आणि त्याच जातीच्या 14 दिवसांच्या गोळीला 2023 मध्ये. रामबाण मात्र म्हणू नका. गोव्यात 2002 साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात बाळंतपणानंतर सहा ते आठ आठवड्यांनी 23 टक्के मातांमध्ये नैराश्य आढळलं. घरातली उपासमार, नवऱ्याची मारहाण आणि मुलगा हवा असताना झालेली मुलगी यांच्याशी त्याचा संबंध होता. क्लोराइडची दारं यापुढे काय करणार?

'बाहेरचं लागलंय' म्हणून लिंबू उतरवत बसण्यात दिवस जातात. नैराश्य समुपदेशनाने आणि औषधांनी बरं होतं. अंगावर पाजतानाही चालतील अशी औषधं डॉक्टर देतात. बाळंतिणीला भास होऊ लागले, किंवा स्वतःला वा बाळाला इजा करण्याचे विचार येऊ लागले, तर तिला एकटं सोडू नका, त्याच दिवशी दवाखान्यात न्या. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा क्रमांक रात्रीही लागतो.