तेवीस वर्षांची बर्बन आणि हजारो डॉलर: नक्की कशाचे पैसे?

जून २०२१ मध्ये बॉस्टनच्या स्किनर या लिलाववाल्यांनी व्हिस्कीची एक बाटली १,३७,५०० डॉलरला विकली. नाव ओल्ड इंगलड्यू. जॉर्जिया राज्यातल्या ला ग्रेंज गावात भरलेली, मग बँकर जे. पी. मॉर्गनच्या तळघरात जाऊन पडलेली, आणि मागे एक चिठ्ठी चिकटवलेली की ही बर्बन (म्हणजे मुख्यतः मक्याची अमेरिकन व्हिस्की) बहुधा १८६५ च्या आधीची आहे. आता चिठ्ठी काय, कोणीही चिकटवेल. म्हणून बुचातून सुई घालून थोडीशी व्हिस्की काढली आणि कार्बन डेटिंगला पाठवली, तर उत्तर आलं की ती १७६३ ते १८०३ च्या दरम्यानची असण्याची शक्यता निम्म्याहून जास्त आहे, म्हणजे चिठ्ठीत सांगितलंय त्याहूनही बरीच जुनी!

यामागचं विज्ञान तसं सरळ आहे. पीक उभं असताना हवेतला कार्बन घेतं, त्यात कार्बन-१४ हा किरणोत्सारी प्रकार अगदी किंचित असतो, कापणी झाली की नवीन कार्बन येणं बंद आणि आत आहे तो हळूहळू कमी व्हायला लागतो. दारूतलं अल्कोहोल त्याच धान्यातून आलेलं, त्यामुळे धान्य कधी पिकलं ते दारू सांगते. त्यात १९५० आणि ६० च्या दशकातल्या अणुचाचण्यांनी हवेतला कार्बन-१४ जवळजवळ दुप्पट करून ठेवला, म्हणून त्यानंतरची दारू जुनी म्हणून खपवली तर लगेच पकडली जाते. २०१७ ला स्वित्झर्लंडमधल्या सेंट मॉरिट्झच्या एका हॉटेलात १८७८ ची मॅकॅलन ही स्कॉच म्हणून एका ग्लासाचे सुमारे १० हजार फ्रँक घेतले होते, ऑक्सफर्डमध्ये तपासल्यावर ती बहुतेक १९७० ते ७२ मधली निघाली. हॉटेलने पैसे परत केले, हे मात्र मानलं पाहिजे.

पण खरी गंमत पुढे आहे. व्हिस्की काचेत गेली की तिचं वय वाढायचं थांबतं. मॉर्गनच्या बाटलीतला द्रव दोनशे वर्षांचा असेल, पण त्यातली किती वर्षं लाकडात गेली हे कार्बन सांगत नाही, आणि चवीचा सगळा खेळ त्या लाकडातल्या वर्षांचाच आहे.

बर्बनला अमेरिकन कायद्याने निदान ५१ टक्के मका लागतो आणि ओकचं नवंकोरं, आतून जाळलेलं पिंप लागतं. सगळ्यात महत्त्वाचा शब्द नवंकोरं. स्कॉचवाले बहुतेक वेळा वापरलेली पिंपं घेतात, आणि ती बरीचशी बर्बनवाल्यांनी एकदा वापरून विकलेलीच असतात, आपल्या गोव्यात कुंकळ्ळीला पॉल जॉनची सिंगल माल्टसुद्धा अशाच पिंपात मुरते. नव्या लाकडात द्यायला खूप काही असतं. आग लागली की लाकडातलं लिग्निन फुटून व्हॅनिलिन तयार होतं (हो, व्हॅनिला आइस्क्रीमवालंच), हेमिसेल्युलोजची साखर करपून कॅरॅमलचा वास येतो, लॅक्टोन नावाची संयुगं खोबऱ्याचा वास देतात आणि युजेनॉल तर लवंगेत असतं तेच. वर जो कोळशाचा थर बसतो तो कच्च्या दारूतले गंधकाचे घाण वास शोषून घेतो. उन्हाळ्यात दारू फुगून लाकडात घुसते, हिवाळ्यात आकसून बाहेर येते, येताना हे सगळं घेऊन येते. बर्बनचं माहेर असलेल्या अमेरिकेतल्या केंटकी राज्यात उन्हाळा कडक आणि हिवाळाही कडक, त्यामुळे ही ये-जा जोरात चालते.

आणि उडून जाणंही जोरात. पिंपातून दरवर्षी जी दारू हवेत जाते तिला तिकडे देवदूतांचा वाटा म्हणतात, केंटकीत हा साधारण ३ ते ५ टक्के. ४ टक्के धरून हिशोब करा: २०० लिटरच्या पिंपात १२ वर्षांनी सव्वाशेच्या आत राहते, २३ वर्षांनी जेमतेम ७८ लिटर, म्हणजे शंभरएक बाटल्या. गळती वगैरे वेगळी. त्यात गोदामाचं भाडं आणि केंटकीचा पिंपांवरचा वार्षिक कर, जो आता २०२६ पासून टप्प्याटप्प्याने कमी होतोय. गोव्याच्या हवेत ८-१० टक्के जातात, तिथे २३ वर्षं ठेवली तर पिंपाला टिचकी मारून बघावं लागेल आत काही आहे का. तेव्हा जुनी बर्बन महाग असण्यामागे खरा खर्च आहे, सगळी थाप नाही.

पण महाग म्हणजे चांगली का? इथे माझं मत स्पष्ट आहे: दरवेळी नाही. नवं लाकूड देताना थांबत नाही. बारा-पंधरा वर्षांनंतर बऱ्याच पिंपांत टॅनिन एवढं उतरतं की उकळून उकळून काळ्या झालेल्या चहासारखी तुरट-कडू चव जिभेला धरते, मक्याचा गोडवा कुठल्या कुठे जातो. म्हणून जास्त वर्षं ठेवायची पिंपं सहसा गोदामाच्या खालच्या, थंड मजल्यावर ठेवतात. पॅपी व्हॅन विंकल ही सगळ्यात गाजलेली जुनी बर्बन, तिच्यात मक्याच्या जोडीला राय या धान्याऐवजी गहू असतो, गव्हाची बर्बन म्हातारपण जास्त चांगलं झेलते असं मानतात. तिच्या २३ वर्षांच्या बाटलीची छापील किंमत काहीशे डॉलर आणि बाहेर मागतात काही हजार. २०१३ मध्ये तर ती जिथे बनते त्या बफेलो ट्रेस डिस्टिलरीतून या बर्बनच्या पेट्याच्या पेट्या गायब झाल्या होत्या आणि पुढे तिथल्याच कर्मचाऱ्यावर केस झाली.

चाखताना ग्लास पोटात रुंद आणि तोंडाशी निमुळता घ्या, नाक एकदम आत घालू नका, तोंड थोडं उघडं ठेवून वास घ्या नाहीतर अल्कोहोलच नाकात बसतं. मग पाण्याचे काही थेंब. हे फॅड नाही, २०१७ ला स्वीडनच्या कार्लसन आणि फ्रीडमन या संशोधकांनी कॉम्प्युटरवर दाखवलं की अल्कोहोल ४५ टक्क्यांच्या खाली आलं की धुराचा वास देणारं ग्वायाकॉल वरच्या पृष्ठभागाशी गोळा होतं, म्हणजे नाकाच्या जवळ येतं. घोट गिळल्यावर मागे काय उरतं ते बघा: गोडवा आणि मसाला रेंगाळला तर पिंप वेळेत उघडलंय, नुसतं कोरडं लाकूड उरलं तर उशीर झालाय.

आणि लेबल झाका, हे सगळ्यात महत्त्वाचं. २००८ मध्ये अमेरिकेतल्या कॅलटेक आणि स्टॅनफर्ड विद्यापीठवाल्यांनी लोकांना एकच वाइन दोन वेगवेगळ्या किमती सांगून पाजली, तर महाग सांगितलेली नुसती जास्त आवडली असं नाही, मेंदूतल्या सुखाशी संबंधित भागाची हालचालही वाढलेली दिसली. म्हणजे माणूस खोटं बोलत नव्हता, त्याला खरंच जास्त मजा आली! बर्बनवर वेगळा प्रयोग करायची गरज वाटत नाही, जीभ तीच आहे.

विकत घ्यायची असेल तर रिकाम्या बाटल्यांनासुद्धा गिऱ्हाईक असतं हे लक्षात ठेवा, ते फुलदाणी करायला घेत नाहीत सगळे, काही जण त्यात भलतीच दारू भरून विकतात. केंटकीत २०१८ पासून लायसन्सवाल्या दुकानांना आणि बारना लोकांकडच्या जुन्या सीलबंद बाटल्या विकत घेऊन पुढे विकायची कायद्याने परवानगी आहे, त्यामुळे कोणी तिकडे जात असेल तर अख्ख्या बाटलीच्या नादी न लागता बारमध्ये २३ वर्षांची पॅपी अर्धा औंस (साधारण १५ मिली) मागवावी, शेजारी त्याच डिस्टिलरीची, गव्हाचीच पण बारा वर्षांची वेलर नावाची बर्बन घ्यावी, आणि आपली पाठ फिरल्यावर ग्लास अदलाबदल करायला सोबतच्याला सांगावं.