रिड्राफ्ट वेगळा, फेरमूल्यमापन वेगळं

अमेरिकन फुटबॉलमधल्या जुन्या ड्राफ्टबद्दल बोलताना लोक दोन गोष्टींची सर्रास गल्लत करतात. एक म्हणजे रिड्राफ्ट आणि दुसरं एखाद्या संघाच्या ड्राफ्टचं फेरमूल्यमापन. दोन्हीत मागे वळूनच पाहायचं असतं, म्हणून दोन्ही सारखीच वाटतात. पण त्यातले प्रश्न वेगळे आहेत, आणि न्यू इंग्लंड पेट्रियट्सच्या २००० सालच्या यादीवर ते एकाच वेळी लावून पाहिले की उत्तरं अगदी उलट येतात.

आधी थोडं ड्राफ्टविषयी. हा आयपीएलसारखा लिलाव नसतो, इथे पैशाची बोली लागत नाही. आधीच्या मोसमात तळाला राहिलेला संघ कॉलेजमधून येणाऱ्या खेळाडूंतून पहिला निवडतो, मग त्याच्या वरचा, अशा सात फेऱ्या चालतात. आपला नंबर दुसऱ्या संघाला देऊन त्याबदल्यात काही घेताही येतं. म्हणजे इथलं खरं चलन म्हणजे नंबर.

रिड्राफ्ट विचारतो: आज जे ठाऊक आहे ते त्या दिवशी ठाऊक असतं, तर कोण कितव्या नंबरला गेला असता? २०००चं उत्तर शेंबडं पोरही देईल. टॉम ब्रेडी पहिला, पुढे इतिहासातल्या सर्वात यशस्वी क्वार्टरबॅकांपैकी एक ठरलेला (क्वार्टरबॅक म्हणजे चेंडू फेकून संघाचं आक्रमण चालवणारा खेळाडू). पण त्या वर्षी पहिला नंबर क्लीव्हलँडचा होता आणि त्यांनी कोर्टनी ब्राउनला घेतलं होतं. म्हणजे रिड्राफ्टमध्ये ब्रेडी क्लीव्हलँडला जातो आणि न्यू इंग्लंडच्या हाती धुपाटणं येतं! ज्या संघाने त्याला खरोखर शोधलं, त्याचं श्रेय इथे पार पुसलं जातं. रिड्राफ्ट खेळाडूंची प्रतवारी लावतो, संघाची नाही.

फेरमूल्यमापनात नंबर पुसायचा नसतो, तोच धरून बसायचं असतं. या संघाच्या हातात अमुक नंबर होते, त्यांचं त्याने काय केलं? ब्रेडी १९९वा गेला, सहाव्या फेरीत. त्याच्याआधी सहा क्वार्टरबॅक निवडले गेले होते. चाचणीत चाळीस यार्ड धावायला त्याला ५.२८ सेकंद लागले होते, म्हणून कुणी त्याच्यासाठी धावपळ केली नाही. त्या नंबरला असा खेळाडू मिळणं म्हणजे लॉटरीच.

पण हिशेब दोन्ही बाजूंनी मांडायला हवा. न्यू इंग्लंडनेसुद्धा ब्रेडीला सहा वेळा वगळलं होतं: ४६, ७६, १२७, १४१, १६१ आणि १८७ या नंबरांवर त्यांनी दुसऱ्यांचीच नावं घेतली. तो पुढे काय करणार हे त्यांना कळलं असतं, तर १९९ची वाट पाहिलीच नसती. त्यामुळे मी त्यांना दूरदृष्टीचे पूर्ण गुण देत नाही. गुण देतो ते त्याला चौथा क्वार्टरबॅक म्हणून का होईना, संघात ठेवून घेतल्याबद्दल. सहाव्या फेरीतल्या मुलांना बहुतेक वेळा निरोपाचा नारळ मिळतो. शिवाय पहिल्या फेरीचा नंबर त्यांच्याकडे नव्हताच, प्रशिक्षक बिल बेलिचिकला आणण्याच्या बदल्यात तो न्यूयॉर्क जेट्सला द्यावा लागला होता. तो खर्चही याच खात्यात टाकायला हवा.

आणि बाकीची नावं? रिड्राफ्टमध्ये ती दिसतच नाहीत, आणि मला तेच सगळ्यात जास्त खुपतं. ४६वा एड्रियन क्लेम दुखापतींमुळे कधी जम बसवू शकला नाही, ती निवड फसलीच. १८७वा अँटवान हॅरिस मात्र बघा. जानेवारी २००२मध्ये पिट्सबर्गविरुद्ध अडवलेल्या किकचा चेंडू ट्रॉय ब्राउनने पळता पळता त्याच्याकडे टाकला आणि हॅरिसने तो थेट प्रतिस्पर्ध्याच्या शेवटच्या रेषेपलीकडे नेऊन टचडाउन केला. पुढच्याच सामन्यात, म्हणजे सुपर बोल या अंतिम सामन्यात, त्याने प्रतिस्पर्धी रॅम्सच्या रिकी प्रोलला अशी धडक दिली की चेंडू हातातून निसटला, आणि त्या चेंडूवरून न्यू इंग्लंडचा टचडाउन आला.

त्याच सामन्याचा शेवट आठवा. १७-१७ बरोबरी, दीड मिनिटही उरलेलं नाही, टाइमआउट एकही नाही. ब्रेडीवर दडपण येतं, तो चेंडू जवळच्या जे. आर. रेडमंडकडे टाकतो. पाच यार्ड. पुन्हा रेडमंड, आठ यार्ड. तिसऱ्यांदा रेडमंड, अकरा यार्ड, आणि झेपावत तो रेषेबाहेर जातो, म्हणून घड्याळ थांबतं. पुढे किकर व्हिनाटिएरीची ४८ यार्डांची किक आणि २०-१७. रेडमंड हा २०००चा ७६वा. समोर उजव्या टोकाला ब्रेडीला राखणारा ग्रेग रँडल १२७वा.

रेडमंड दोनच मोसमांनंतर फारसा कुणाच्या लक्षात राहिला नाही, आणि रिड्राफ्टमध्ये तो पहिल्या शंभरातही बसेल की नाही याची मला शंका आहे. फेरमूल्यमापनात मात्र त्या ७६व्या नंबरला मी तीन झेल जमा धरतो.