रात्री केळीची पानं पांढरी का दिसतात?

यावल-रावेर पट्ट्यात गावाच्या कडेला घर असलेल्या कुणाच्याही मोबाइलवर रात्रीचं सीसीटीव्हीचं चित्र बघा. अंधार पडताच कॅमेऱ्यातून ‘टक्’ असा बारीक आवाज येतो, रंग जातात आणि घराला लागून असलेली केळी पांढरीशुभ्र होते. पानं झगझगीत, आणि त्यांच्या पलीकडून चालत गेलेला माणूस मात्र नुसती काळी आकृती. चोरी झाली की हेच चित्र पोलिसांना दाखवलं जातं आणि त्यात चेहरा कुठेच नसतो. विहिरीवरची केबल, पाण्याची मोटार, अंगणातली मोटारसायकल, घरात भरून ठेवलेला कापूस यांच्यासाठी खान्देशात कॅमेरे लागतात आणि ती गरज बहुतेक रात्रीचीच असते. तरी कॅमेरा निवडला जातो तो दुकानातल्या उजेडात दिसणारं चित्र बघून. रात्रीचं चित्र सुधारायचं असेल तर पैसे आधी प्रकाशावर खर्च करावेत, कॅमेऱ्यावर नंतर, असं माझं ठाम मत आहे. ते का, हे त्या पांढऱ्या पानांपासूनच समजून घेता येतं.

आपल्या डोळ्याला साधारण ४०० ते ७०० नॅनोमीटर तरंगलांबीचा प्रकाश दिसतो. कॅमेऱ्याचा सेन्सर सिलिकॉनचा असतो आणि सिलिकॉनला त्याच्या पुढचा, म्हणजे सुमारे ११०० नॅनोमीटरपर्यंतचा अवरक्त प्रकाशही जाणवतो. दिवसा हा जादा प्रकाश रंग बिघडवतो, म्हणून सेन्सरच्या पुढे त्याला अडवणारी एक छोटी काच बसवलेली असते. संध्याकाळी उजेड कमी झाला की कॅमेरा ती काच बाजूला सरकवतो. ‘टक्’ आवाज तिचाच. त्याच वेळी लेन्सभोवतीचे अवरक्त एलईडी लागतात. ते बहुधा ८५० नॅनोमीटरचे असतात.

केळीचं पान आपल्याला हिरवं दिसतं, कारण हरितद्रव्य निळा आणि तांबडा प्रकाश शोषून घेतं आणि हिरव्यातला थोडा परत पाठवतं. अवरक्त प्रकाशाचा मात्र हरितद्रव्याला काहीच उपयोग नाही. तो पानाच्या आत शिरतो, पेशी आणि त्यांच्यामधल्या हवेच्या पोकळ्या यांच्या सीमांवर पुन्हा पुन्हा वळतो आणि जवळजवळ निम्मा बाहेर पडतो. पीक किती तजेलदार आहे हे उपग्रह ओळखतात ते याच गुणावरून. १७ मार्च १९८८ रोजी अवकाशात गेलेल्या आयआरएस-१ए या आपल्या उपग्रहात ७७० ते ८६० नॅनोमीटरचा पट्टा टिपणारा कॅमेरा होता. घरच्या कॅमेऱ्याचे एलईडी याच पट्ट्यात चमकतात. शेकडो किलोमीटर उंचीवरून पिकाची तब्येत सांगणारा हा गुण भिंतीवरच्या कॅमेऱ्याला मात्र अडचणीत टाकतो. जवळचं पान प्रकाश परत फेकतं, चित्र फार उजळ झालं असं समजून कॅमेरा आपोआप उजळपणा उतरवतो आणि पलीकडचं अंगण काळं पडतं. वारा सुटला की हीच पानं हलतात आणि मोबाइलवर रात्रभर खोट्या सूचना येत राहतात. तेव्हा चित्रात येणारं जवळचं पान, वेल, कडुलिंबाची फांदी आधी छाटायची किंवा कॅमेरा तिथून वळवायचा. यात खर्च काहीच नाही आणि फरक त्याच रात्री दिसतो. पांढऱ्या चुन्याचा कठडा, छज्ज्याची कड, जवळून गेलेला पत्रा यांचंही तेच. चित्राच्या कोपऱ्यात भिंतीचा तुकडा आला असेल तर दूरच्या माणसाच्या वाट्याचा उजळपणा तो तुकडा खातो.

इथे एक गोष्ट तपासाच्या दृष्टीने फार महत्त्वाची आहे. कपड्यांचे रंगही अवरक्त प्रकाशात वेगळे वागतात. काळा टेरिकॉटचा शर्ट कित्येकदा पांढरट दिसतो, कारण त्याचा रंग दृश्य प्रकाश शोषतो पण अवरक्त परत पाठवतो. त्यामुळे ‘चोराने पांढरा शर्ट घातला होता’ असं रात्रीच्या काळ्या-पांढऱ्या चित्रावरून कुणी सांगितलं तर त्यावर विसंबू नये. उगाच निरपराध माणसावर संशय जायला नको.

आता मेगापिक्सेलकडे येऊ. ‘जिभाऊ, दोनचा कशाला, आठचाच घ्या’ हा सल्ला दिवसासाठी बरोबर असतो, रात्रीसाठी बहुतेकदा नसतो. लक्स हे उजेडाचं माप. भर दुपारी उन्हात सुमारे १,००,००० लक्स उजेड असतो आणि पौर्णिमेच्या रात्री जेमतेम पाव लक्स. इतक्या थोड्या प्रकाशात प्रत्येक पिक्सेलच्या (चित्राच्या एका बारीक ठिपक्याच्या) वाट्याला प्रकाशाचे किती कण येतात यावरच चित्राचं नशीब ठरतं. घरगुती कॅमेऱ्यांत सर्रास वापरला जाणारा १/२.८ इंची सेन्सर घेतला, तर २ मेगापिक्सेलमध्ये प्रत्येक पिक्सेलची बाजू सुमारे २.९ मायक्रॉन असते आणि ८ मेगापिक्सेलमध्ये सुमारे १.४५. क्षेत्रफळ एक चतुर्थांश, म्हणजे प्रकाशही एक चतुर्थांश. कळण्याची एकच भाकरी दोघांत वाटली काय आणि आठांत वाटली काय, भाकरी तेवढीच राहते. जास्त मेगापिक्सेल हवेच असतील तर सेन्सरही मोठा हवा. लेन्सचं तोंडही बघावं. खोक्यावर एफ १.० किंवा एफ १.६ असे आकडे असतात. आकडा जितका लहान तितकं तोंड मोठं, आणि एफ २.० च्या तुलनेत एफ १.० मधून चौपट प्रकाश आत येतो.

चेहरा ओळखायला नेमके किती पिक्सेल लागतात याचं मापही ठरलेलं आहे. अनोळखी माणूस पटण्यासाठी तो उभा असेल त्या जागी रुंदीच्या दर मीटरला २५० पिक्सेल मिळावेत, असं आंतरराष्ट्रीय मानक सांगतं. २ मेगापिक्सेलच्या चित्राची रुंदी १९२० पिक्सेल असते, म्हणजे साडेसात मीटरपेक्षा रुंद जागा त्यात घेतली की हे माप सुटतं. गल्ली, फाटक, अंगण, गोठा सगळं एकाच कॅमेऱ्यात कोंबायचा आपला आग्रह असतो आणि तिथेच चेहरा हरवतो. त्याऐवजी तीन मीटरच्या फाटकावर रोखलेला साधा २ मेगापिक्सेलचा कॅमेरा मीटरला ६४० पिक्सेल देतो. येणारा-जाणारा प्रत्येकजण जिथून जाणारच, अशी अरुंद जागा शोधून एक कॅमेरा तिच्यासाठी राखावा.

रात्री प्रकाश पुरला नाही की कॅमेरा दोन उपाय करतो आणि दोन्हींची किंमत मोजावी लागते. एक म्हणजे शटर जास्त वेळ उघडं ठेवणं. सेकंदाच्या पंचविसाव्या भागात चालणारा माणूस साडेपाच सेंटिमीटर पुढे जातो आणि पळणारा पंधरा-सोळा. तेवढ्या अंतरात नाक, डोळे एकमेकांत मिसळून जातात. स्थिर अंगण मात्र छान उजळ दिसतं, त्यामुळे मालकाला वाटतं कॅमेरा चांगला आहे. दुसरा उपाय म्हणजे आलेला संकेत वाढवून घेणं. त्याने संकेताबरोबर चित्रातले दाणेही, म्हणजे वाळूसारखे खोटे ठिपकेही, वाढतात. मग ते दाणे पुसायला कॅमेरा मागच्या-पुढच्या चौकटींची, म्हणजे लागोपाठ टिपलेल्या चित्रांची, सरासरी काढतो आणि चालत्या माणसामागे भुतासारखी सावली ओढली जाते. सेटिंगमध्ये रात्रीचं शटर १/५० किंवा १/१०० सेकंदावर बांधता येतं, दाणे पुसण्याची पातळीही उतरवता येते. पण शटर १/२५ वरून १/१०० वर नेलं की प्रकाश एक चतुर्थांश उरतो, आणि तो भरून काढायला बाहेरून प्रकाश द्यावाच लागतो.

कॅमेऱ्यातले एलईडी तो प्रकाश का देऊ शकत नाहीत? प्रकाश अंतराच्या वर्गाच्या प्रमाणात विरळ होत जातो. खोक्यावर ‘३० मीटर’ लिहिलेलं असतं, पण ५ मीटरवर जेवढा प्रकाश पडतो त्याच्या छत्तिसावा भाग ३० मीटरवर पोचतो. तिथे कुणीतरी हललं एवढंच कळतं. हाच नियम उलट बाजूने जास्त त्रास देतो. पहिल्या पावसानंतर खान्देशात किड्यांचे थवे निघतात. लेन्सपासून ३० सेंटिमीटरवरून उडालेल्या किड्यावर ६ मीटरवरच्या माणसाच्या सुमारे ४०० पट प्रकाश पडतो. किडा पांढरा गोळा होतो आणि माणूस दिसेनासा होतो. कोळ्याचं जाळं, पावसाचे थेंब, मे महिन्यातली वावटळीची धूळ, जिनिंगच्या हंगामात हवेत तरंगणारे कापसाचे तंतू, सगळे याच हिशेबाने चमकतात. डोम (घुमटाच्या आकाराच्या) कॅमेऱ्याच्या पारदर्शक टोपीवर अशी धूळ बसली तर एलईडीचा प्रकाश तिथूनच आत उलटतो आणि अख्खं चित्र धुक्यात जातं. आमच्याकडच्या धुळीत बुलेट (लांबट नळीसारखा) किंवा लेन्सपुढे टोपी नसलेलाच कॅमेरा घ्यावा, आणि काच महिन्यातून एकदा मऊ ओल्या फडक्याने पुसावी.

खरा उपाय म्हणजे प्रकाश कॅमेऱ्यापासून वेगळा करणं. बाजारात स्वतंत्र अवरक्त दिवे मिळतात. असा दिवा कॅमेऱ्यापासून दीड-दोन मीटर बाजूला, जमल्यास फाटकाच्याच जवळ लावायचा आणि कॅमेऱ्यातले एलईडी सेटिंगमधून बंद करायचे. लेन्ससमोरची हवा अंधारात राहते, किडे आणि धूळ उजळत नाहीत, आणि प्रकाश हवा तिथे पडतो. ८५० नॅनोमीटरचा दिवा अंधारात मंद तांबडा दिसतो. ९४० चा अजिबात दिसत नाही, पण त्या प्रकाशाला सेन्सर साधारण निम्मा किंवा त्याहून कमी प्रतिसाद देतो. लपवाछपवीची गरज नसेल तर ८५० च घ्यावा.

साधा पांढरा दिवा याहून चांगला का वाईट? मला तो घरासाठी बरेचदा चांगला वाटतो. त्याने रंग कळतात, शर्टाचा रंग खरा दिसतो, आणि उजेड पडला की चोर बिचकतो. हालचाल झाल्यावर लागणारा सेन्सरवाला एलईडी फोकस फाटकावर, कॅमेऱ्याकडे तोंड न करता लावला तर काम होतं. फक्त पांढरा आणि निळसर उजेड किड्यांना ओढतो, म्हणून तोही लेन्सपासून दूरच असावा, आणि शेजाऱ्याच्या खाटेवर पडू नये. उन्हाळ्यात लोक धाब्यावर (घराच्या सपाट छतावर), अंगणात झोपतात. त्यांच्या अंगावर आपला उजेड टाकणं बरं नाही, कॅमेरा रोखणं तर मुळीच नाही.

मोटारीचा नंबर हा वेगळा प्रश्न आहे. १ एप्रिल २०१९ पासून नव्या वाहनांना बंधनकारक झालेल्या पाट्यांवर प्रकाश आला त्याच दिशेला परतवणारा थर असतो, त्यामुळे कॅमेऱ्याच्या एलईडीत पाटी नुसता पांढरा चौकोन दिसते. त्यासाठी १/५०० च्या आसपासचं वेगवान शटर लावलेला वेगळा कॅमेरा लागतो. चेहरा आणि नंबर रात्री एकाच कॅमेऱ्यात नीट मिळत नाहीत.

आपल्याकडच्या उन्हाळ्याचा परिणाम मात्र विक्रेते फारसे सांगत नाहीत. जळगाव-भुसावळला मे महिन्यात पारा ४५ च्या पुढे जातो. सिलिकॉनमध्ये प्रकाश नसतानाही उष्णतेमुळे काही इलेक्ट्रॉन मोकळे होतात आणि सेन्सर त्यांनाही प्रकाशच समजतो. तापमान दर ६ ते ८ अंशांनी वाढलं की हा खोटा संकेत साधारण दुप्पट होतो. म्हणजे २५ अंशांचा सेन्सर ४५ वर गेला तर तो सहा ते दहा पट. पश्चिमेची भिंत दिवसभर तापते आणि रात्री उशिरापर्यंत उष्णता सोडत राहते. त्यावर बसवलेल्या कॅमेऱ्यात स्वतःच्या एलईडीची उष्णता आणखी भर घालते. हिवाळ्यात स्वच्छ दिसणाऱ्या चित्रात उन्हाळ्यात न हलणारे पांढरे ठिपके आणि दाणे दिसू लागले तर कारण बहुधा हे असतं. कॅमेरा उत्तरेच्या किंवा पूर्वेच्या भिंतीला, छज्ज्याच्या सावलीत, पत्र्याला न चिकटवता बसवावा. एलईडी बाहेरच्या दिव्यात गेले की ही उष्णताही कमी होते.

बसवून झाल्यावर रात्री घरातल्या कुणाला तरी फाटकापासून ओट्यापर्यंत नेहमीच्या चालीने चालायला सांगा. थेट चित्र बघू नका, रेकॉर्डिंग उघडा आणि चालत असतानाच्या चौकटीवर थांबवा, कारण पोलिसांच्या हाती तेच जाणार आहे.

एवढं करूनही काही कॅमेरे दिवसभर नीट चालतात आणि रात्र झाली की बंद-चालू होत राहतात. तेव्हा वायर तपासावी. १२ व्होल्टचा कॅमेरा दिवसा समजा पाव अँपिअर घेत असेल, तर एलईडी लागल्यावर तो अर्धा अँपिअर घेतो. घरापासून गोठ्यापर्यंत ४० मीटर अर्ध्या चौरस मिलिमीटरची तांब्याची तार ओढली, तर जाऊन-येऊन ८० मीटरचा रोध जवळजवळ ३ ओहम होतो आणि दीड व्होल्ट वाटेतच संपतात. सीसीटीव्हीसाठी मिळणाऱ्या स्वस्त थ्री प्लस वन केबलमध्ये तांब्याचा मुलामा दिलेलं ॲल्युमिनियम असतं, त्यात दोन व्होल्टच्या वर जातात. जाड तांब्याची तार ओढणं, एसएमपीएस (१२ व्होल्ट वीज पुरवणारा डबा) कॅमेऱ्याजवळ नेणं किंवा नेटवर्कच्या केबलमधूनच ४८ व्होल्टच्या आसपास वीज घेणारा कॅमेरा वापरणं हे त्यावरचे उपाय. मल्टिमीटर कॅमेऱ्याच्या टोकाशी लावायचा, आणि तोही रात्री, एलईडी लागल्यावर. १२ च्या जागी दहा दिसले तर नवा कॅमेरा घेऊन काही फरक पडणार नाही, वायर बदलावी लागेल.