अपडेट अर्धवट राहिले, राउटर सुरू होईना: घरी काय करून पाहावे

राउटरचे अपडेट सुरू केले, पट्टी निम्म्याच्या पुढे गेली आणि लाइट गेली. किंवा लाइट होती, पण बराच वेळ वायफायचे नाव दिसेना म्हणून घरातल्या कोणीतरी बटण बंद करून परत चालू केले. आता सगळे दिवे एकदम लागतात, विझतात, परत लागतात. पावसाळा लागला की असे राउटर आमच्या दुकानात येऊ लागतात, आणि घेऊन येणारे आल्या आल्या म्हणतात, "हा ब्रिक झाला (म्हणजे विटेसारखा निकामी), नवीनच द्या."

नवीन राउटर विकला तर आमचा धंदा होतो, हे उघड आहे. पण अर्धी फाइल लिहिली गेली एवढ्याच कारणासाठी चांगला राउटर भंगारात जावा, हे आम्हाला पटत नाही. म्हणून हे पत्रक. यातले बरेचसे तुम्ही घरी करू शकता.

आत नेमके काय बिघडते

राउटरमध्ये बोटाच्या नखापेक्षा लहान अशी एक फ्लॅश चिप असते. जुन्या साध्या राउटरांत ती ४ एमबीची, जरा बऱ्या राउटरांत ८ किंवा १६ एमबीची. तिच्यात कपाटासारखे कप्पे असतात. पहिल्या कप्प्यात बूटलोडर, म्हणजे वीज मिळताच सर्वांत आधी जागा होणारा छोटा प्रोग्राम. त्यानंतर फर्मवेअर, म्हणजे राउटर चालवणारा मुख्य प्रोग्राम, मग तुमची सेटिंग्ज, आणि एका कप्प्यात त्याच राउटरच्या वायफायची कारखान्यात केलेली जुळणी.

नेहमीच्या अपडेटमध्ये फक्त फर्मवेअरचा कप्पा पुसून नव्याने लिहिला जातो. मध्येच वीज गेली तर तो अर्धा भरलेला, अर्धा कोरा राहतो. बूटलोडर मात्र सहसा जागच्या जागी असतो. तो उठतो, फर्मवेअर वाचायला जातो, पुढे काही सापडत नाही, म्हणून परत पहिल्यापासून सुरुवात करतो. दिव्यांची ती उघडझाप म्हणजे हेच. राउटर मेलेला नाही, त्याला पुढचे पान मिळत नाही. ते पान बाहेरून देता येते, आणि ते देण्याची सोय बनवणाऱ्यांनी बऱ्याच राउटरांत करून ठेवलेली असते.

फाइलच्या मागे लागण्याआधी अ‍ॅडॅप्टर बघा

हे आम्ही मुद्दाम वर घेतले आहे. जुन्या अ‍ॅडॅप्टरमधला कपॅसिटर फुगला की भार येताच व्होल्टेज खाली येते आणि राउटर सुरू होता होता बंद पडतो. दिसायला सगळे अपडेट फसल्यासारखेच. त्यात अपडेटनंतर राउटर आपण होऊन रीस्टार्ट होतो, तेव्हाच दुबळा अ‍ॅडॅप्टर उघडा पडतो आणि दोष अपडेटला लागतो. दुसरा अ‍ॅडॅप्टर लावून पाहा, पण राउटरच्या खाली छापलेले व्होल्ट जुळलेच पाहिजेत. ५, ९ आणि १२ व्होल्टच्या पिना बऱ्याचदा एकमेकांच्या राउटरमध्ये बसतात. ९ व्होल्टच्या राउटरला १२ व्होल्ट देऊन "चालतंय की" म्हणू नका. अँपिअर मात्र लिहिल्यापेक्षा जास्त असले तरी चालतात.

राउटर उलटा करा आणि स्टिकर वाचा

मॉडेलचे नाव सगळे वाचतात. त्याच्या शेजारचा व्हर्जनचा आकडा कोणी वाचत नाही, आणि घोटाळा तिथेच होतो. टीपी-लिंकचा डब्ल्यूआर ८४१ एन घ्या, पुष्कळ घरांत अजून चालू आहे. त्याच्या व्हर्जन ९ ते १२ मध्ये क्वालकॉम अथेरॉसची चिप आहे, १३ मध्ये मीडियाटेकची. वरचे खोके, नाव, अँटेना सारखेच वाटतात, आतले यंत्र वेगळे. एकाची फाइल दुसऱ्याला घालणे म्हणजे दुसऱ्याच कुलपाची किल्ली जोर लावून फिरवणे. फाइल राउटर बनवणाऱ्या कंपनीच्याच संकेतस्थळावरून, आपला व्हर्जन निवडून घ्या आणि झिप उघडून आतली बिन फाइल बाहेर काढा. झिप तशीच चढवल्यामुळे अडलेली कामेही आम्ही पाहिली आहेत.

डब्ल्यूआर ८४१ एन, व्हर्जन ९ ते १२: सगळी कृती

या राउटरचा बूटलोडर अडचणीत असला की स्वतः फाइल मागायला निघतो. रीत जुनी आहे, टीएफटीपी, म्हणजे केबलवरून फाइल पाठवण्याची एक साधी पद्धत. तिचा आजचा नियम १९९२ सालचा. राउटर एका ठरलेल्या पत्त्याला हाक मारतो आणि एका ठरलेल्या नावाची फाइल मागतो. आपण संगणकाला तो पत्ता द्यायचा आणि फाइलला ते नाव.

संगणकाचे वायफाय बंद करा. केबलच्या जोडणीला हाताने १९२.१६८.०.६६ हा पत्ता आणि २५५.२५५.२५५.० हा मास्क द्या (आकडे अर्थातच इंग्रजीत). टीएफटीपीडी-६४ हा फुकट मिळणारा प्रोग्राम सुरू करून फाइल ठेवलेला फोल्डर त्यात दाखवा. फाइलचे नाव असे: डब्ल्यूआर, ८४१, एन, व्ही, मग तुमच्या व्हर्जनचा आकडा, अंडरस्कोर, टीपी, अंडरस्कोर, रिकव्हरी, डॉट बिन. सगळी अक्षरे इंग्रजी, लहान लिपीतली, मध्ये कुठेही मोकळी जागा नाही. विंडोज शेवटचे डॉट बिन लपवून ठेवते, त्यामुळे लोक ते दुसऱ्यांदा लिहितात आणि राउटरला फाइल सापडत नाही. फाइलचे पूर्ण नाव दिसेल अशी सेटिंग आधी करा.

एक इशारा. उतरवलेल्या मूळ फाइलच्या नावात बूट हा शब्द असेल, तर तिच्यात बूटलोडरचा भागही आहे. ती तशीच वापरायची नाही, पुढचा भाग कापावा लागतो. इथे आमच्याकडे या, हे काम अंदाजाने करण्याचे नाही.

आता केबल पिवळ्या पोर्टमध्ये लावा, निळ्यात नाही. राउटरचे रीसेट बटण दाबून धरा, ते दाबलेलेच ठेवून वीज चालू करा आणि साधारण दहा सेकंदांनी सोडा. सगळे जमले तर टीएफटीपीडीच्या खिडकीत एक पट्टी झरझर पुढे सरकते. पावणेचार एमबीची फाइल ५१२ बाइटच्या ७,६८० तुकड्यांत जाते, तरी काही सेकंदांत संपते. पट्टी संपली म्हणजे काम संपले असे नाही. राउटरने फाइल आत्ता फक्त हातात घेतली आहे. चिपवर लिहिणे यानंतर सुरू होते. दहा मिनिटे त्याला हात लावू नका. तो आपण होऊन परत सुरू होईल.

पट्टी आलीच नाही तर दोन ठिकाणी बघा. एक, विंडोजचा फायरवॉल: ६९ क्रमांकाच्या पोर्टवर आलेली राउटरची हाक तो अडवतो, तेवढ्यापुरता बंद करा. दुसरी गोष्ट लवकर लक्षात येत नाही. राउटर हाक मारतो ती काही सेकंदच, आणि त्याच वेळी संगणकाचा केबलचा पोर्ट नुकता जागा होत असतो. तो जागा होईपर्यंत हाक संपलेली असते. मध्ये एखादा साधा नेटवर्क स्विच (नेटवर्कच्या केबली एकमेकींना जोडणारा डबा) ठेवला की संगणकाचा पोर्ट सतत चालू राहतो आणि हाक चुकत नाही. कोणाकडे स्विच नसेल तर आमच्याकडून दिवसभरासाठी न्या, भाडे नाही.

व्हर्जन १३ च्या फाइलचे नाव वेगळे आहे. त्या फाइलची तयारीही वेगळी असते, त्यामुळे ती आम्हाला विचारूनच करा.

इतर राउटर

डी-लिंकच्या बऱ्याच राउटरांत हे सोपे आहे: रीसेट दाबून वीज द्या, संगणकावर १९२.१६८.०.१ उघडा, फाइल चढवायचे साधे पान येते. आसूसमध्ये असेच केले की पॉवरचा दिवा सावकाश मिचकतो. मग संगणकाला १९२.१६८.१.१० पत्ता देऊन त्यांचाच फर्मवेअर रिस्टोरेशन प्रोग्राम वापरायचा. लिंकसिसच्या काही राउटरांत फर्मवेअरच्या दोन प्रती असतात. सुरू होताना लागोपाठ तीनदा वीज बंद केली की ते जुन्या प्रतीवर परत जातात.

तीस सेकंद दाबा, तीस सेकंद वीज काढा, परत तीस सेकंद दाबा, हा उपाय अजून सांगितला जातो. तो जुन्या राउटरांचा होता. पुसलेले फर्मवेअर त्याने परत येत नाही.

ज्या डब्यात फायबरची बारीक वायर थेट जाते

त्याला हात लावू नका. तो डबा इंटरनेट कंपनीच्या ताब्यातला असतो, त्याचे अपडेट तीच दुरून करते. तो अडकला तर कंपनीलाच फोन करा.

आम्ही काय करतो

बूटलोडर हाक मारत नसेल तर राउटर उघडावा लागतो. बोर्डवर चार भोके एका ओळीत असतात. त्यातल्या तिघांना तारा लावतो, चौथ्या वीजवाल्याला नाही, आणि ३.३ व्होल्टच्या जोडणीने राउटर स्वतःशी काय बोलतो ते पडद्यावर वाचतो. कितीतरी जुन्या टीपी-लिंकमध्ये एका सेकंदाची उलटी मोजणी येते. तेवढ्यात टी, पी, एल ही तीन अक्षरे टाइप झाली तर बूटलोडर थांबतो आणि आपले ऐकतो. पडद्यावर ती ओळ थांबली की आम्हाला आजही मनापासून बरे वाटते.

बूटलोडरच गेला असेल तर चिप बाहेरून लिहावी लागते. हे करताना आम्ही आधी जुन्या चिपची पूर्ण प्रत काढून ठेवतो. कारण तो वायफायच्या जुळणीचा कप्पा. एक ताई दुसरीकडून दुरुस्त करून आणलेला राउटर घेऊन आल्या होत्या. सुरू होत होता, पण वायफाय पलीकडच्या खोलीत पोचत नव्हते. त्यात कुठल्यातरी दुसऱ्याच राउटरची अख्खी प्रत घातलेली होती आणि मूळ जुळणी कुठेच जपलेली नव्हती. तिथे आम्हालाही काही करता आले नाही. म्हणून इंटरनेटवर मिळालेली "पूर्ण डंप", म्हणजे दुसऱ्या चिपची अख्खी प्रत असलेली फाइल, कोणालाही घालू देऊ नका.

४ एमबीच्या जुन्या राउटरचे चिपपर्यंत काम गेले तर आम्ही तुम्हाला थांबा म्हणू. तो खर्च त्याच्यावर करण्यासारखा नसतो. राउटर वॉरंटीत असेल तर उघडणार नाही, आधी कंपनीकडे पाठवा.

राउटर उठल्यावर

तो बहुधा नव्यासारखा कोरा असेल. तसे असेल तर वायफायचे नाव आणि पासवर्ड स्टिकरवरचे असतील. केबलवाल्याचे इंटरनेट असेल तर पीपीपीओईचे, म्हणजे त्याच्या जोडणीत लॉगिन करण्याचे, युजरनेम आणि पासवर्ड पुन्हा घालावे लागतात. ते आज, राउटर चालू असतानाच, वहीत लिहून ठेवा. नवा राउटर घेतला आणि नेट लागेना, तर केबलवाल्याने जुन्याचा मॅक पत्ता (प्रत्येक यंत्राचा स्वतःचा ओळख क्रमांक) बांधून ठेवलेला असू शकतो. त्याला सांगून सोडवून घ्या.

पुढच्या वेळी अपडेट करताना केबल लावूनच करा, वायफायवरून नाही, आणि राउटर इन्व्हर्टरच्या प्लगवर ठेवा.

दुकानात येताना राउटरबरोबर त्याचा अ‍ॅडॅप्टर आणाच, शक्य असल्यास बिलही, आणि कोणती फाइल घातली होती ते आठवून या. तपासून खर्च सांगतो. तुम्ही हो म्हटल्यावरच स्क्रू काढतो.