तेरा आणि चौदा: किंग क्रिमझनच्या दोन गिटारी

प्रोग्रेसिव्ह रॉक, म्हणजे गुंतागुंतीच्या रचनांचा प्रयोगशील रॉक, हे मिरवण्यासाठी उगाच अवघड केलेलं संगीत, हा आक्षेप जुनाच आहे. किंग क्रिमझन या इंग्लिश बँडबद्दल तर तो हमखास घेतला जातो. मला तो मुळीच पटत नाही. यांच्या संगीतातलं गणित शाळेतलंच आहे आणि ते थेट कानाला जाणवतं.

1969 मधल्या पहिल्या अल्बमात मेलोट्रॉनचे, म्हणजे टेपवर मुद्रित सूर वाजवणाऱ्या कीबोर्डचे, भव्य सूर होते. 1981 च्या ‘डिसिप्लिन’मध्ये रॉबर्ट फ्रिप आणि एड्रियन बिल्यू यांच्या गिटारी एकमेकींत गुंफल्या गेल्या. ‘फ्रेम बाय फ्रेम’मध्ये दोघं एकच वेगवान सुरावट वाजवतात. मग एक जण आपल्या आवर्तनातला एक स्वर गाळतो. आता एकाचं आवर्तन 14 स्वरांचं, दुसऱ्याचं 13 चं. वेग मात्र तोच.

म्हणजे दर फेरीला दुसरा एका स्वराने पुढे सरकतो. दोघं पुन्हा समेवर कधी भेटतील? लसावि काढा. 13 आणि 14 या सहमूळ संख्या आहेत, त्यामुळे लसावि थेट गुणाकाराएवढा, 182. आवर्तनं 12 आणि 8 स्वरांची असती तर 24 व्या स्वरानंतरच गाठ पडली असती. सेकंदाला 8 स्वर धरले, तर 182 स्वरांना जवळपास 23 सेकंद लागतात. पूर्ण फेरी होऊ दिली, तर एवढा वेळ ताण वाढत जातो आणि मग सुटतो.

खरी गंमत पुढे आहे. दोन्ही गिटारींचा पोत सारखा असला की कोणता स्वर कोणाचा, हे मेंदूला वेगळं काढता येत नाही. तो जवळजवळच्या उंचीचे स्वर एकत्र बांधतो. वरच्या स्वरांची एक धून होते, खालच्यांची दुसरी, आणि या धुना दोघांपैकी कोणीही वाजवत नसतो! दोघांतलं अंतर सरकलं की शेजारी येणारे स्वर बदलतात, म्हणून धूनही बदलते. अमेरिकन संगीतकार स्टीव्ह राइशने 1967 मध्ये दोन पियानोंवर असंच सरकणं वापरलं होतं. बालीच्या गामेलान या तालवाद्यवृंदातही दोन वादक मिळून एक धून विणतात.

‘डिसिप्लिन’ या शीर्षकरचनेत ड्रमर बिल ब्रुफर्डचा ठेका 17 सूक्ष्म मात्रांचा, पण पायाचा ड्रम दर चौथ्या मात्रेवर. गाठ 68 मात्रांनी पडते. पायाचा तो स्थिर ठोका धरून ठेवला की नवखा श्रोताही हरवत नाही.

असं ‘गणिती’ संगीत ऐकून बुद्धी वाढते, असे दावे इंटरनेटवर फिरतात. त्यांवर विश्वास ठेवू नका. त्यांचं मूळ 1993 मध्ये मोझार्टचं संगीत ऐकवून केलेल्या प्रयोगात आहे. त्यात दिसलेला फायदा एकाच प्रकारच्या कोड्यांपुरता होता आणि काही मिनिटांतच ओसरला. पुढच्या अभ्यासांनी त्याचं श्रेय ऐकताना आलेल्या तरतरीला दिलं.

पुढे विषम ठेक्यांच्या रॉकची ‘मॅथ रॉक’ नावाची शाखाच निघाली, तिच्यावर या गुंफणीचा ठसा स्पष्ट आहे. अमेरिकेतल्या टूल या बँडने तर हा वारसा उघडपणे मान्य केला आणि 2001 मध्ये किंग क्रिमझनला आपल्या दौऱ्यात सोबत घेतलं.