यंत्राला पैसे मिळाले, माणसाच्या पगाराचं काय? संगीत विभागांच्या तंत्रसज्जतेची पार्श्वभूमी

विद्यापीठाचा संगीत विभाग ध्वनिमुद्रणाची खोली, संगणक, चांगले मायक्रोफोन मागतो, तेव्हा प्रस्तावातला सगळ्यात मोठा आकडा यंत्रसामग्रीचा असतो. ती यंत्रं चालवणारा, दुरुस्त करणारा आणि विद्यार्थ्यांना शिकवणारा माणूस कुठल्या पदावर नेमायचा, त्याचा पगार कुठून द्यायचा, याला कागदाच्या तळाशी एक ओळ मिळते. कधी तीही नसते. अनुदानाच्या हिशेबात यंत्रं अनावर्ती खर्चात मोडतात आणि पगार आवर्ती खर्चात. देणाऱ्याला पहिला खर्च सोयीचा, कारण तो एकदा केला की संपतो. हा पेच आजचा नाही. संगीत विभागात तंत्रज्ञान आलं त्या पहिल्या वर्षापासून तो आहे, आणि ज्या विभागांनी तो सोडवला त्यांचंच नाव पुढे राहिलं असं माझं ठाम मत आहे.

गोष्ट न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठापासून सांगावी लागते. १९५१ साली तिथल्या संगीत विभागानं अँपेक्स कंपनीचा व्यावसायिक दर्जाचा टेपरेकॉर्डर घेतला. हेतू साधा होता: विद्यार्थ्यांच्या रचना मैफलीत वाजवल्या जातील तेव्हा त्या मुद्रित करून ठेवायच्या. यंत्र सांभाळायची जबाबदारी व्लादिमीर उसाचेव्स्की या तरुण अध्यापकावर आली. मांचुरियात जन्मलेला हा रशियन वंशाचा संगीतकार यंत्राच्या नादी लागला. पियानोचे स्वर मुद्रित करायचे, टेपचा वेग बदलून ते खाली-वर न्यायचे, ब्लेडनं टेप कापून जोडायची, असे प्रयोग त्यानं सुरू केले. त्याला मदत करणारा पीटर मॉझी हा विद्यापीठाच्या रेडिओ केंद्रावर काम करणारा तरुण अभियंता होता. आवाज पुन्हापुन्हा घुमवून त्याचे पडसाद तयार करणारी जोडणी मॉझीनं बनवून दिली. संगीतकार आणि अभियंता यांची ही जोडी कुठल्याही योजनेतून तयार झालेली नव्हती. एकाला काही ऐकायचं होतं आणि दुसऱ्याला ते कसं घडवायचं ते ठाऊक होतं.

९ मे १९५२ रोजी उसाचेव्स्कीनं हे प्रयोग कोलंबियाच्या मॅकमिलन सभागृहात लोकांना ऐकवले. त्याच विद्यापीठातला ज्येष्ठ सहकारी, बासरीवादक आणि संगीतकार ओटो ल्युनिंग लगेच त्याच्याबरोबर आला. २८ ऑक्टोबरला न्यूयॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयात दोघांच्या टेपवरच्या रचनांचा जाहीर कार्यक्रम झाला आणि त्याची प्रस्तावना लिओपोल्ड स्टोकोव्स्कीसारख्या नामवंत वाद्यवृंद-संचालकानं केली. बाहेर एवढं कौतुक होत होतं, तरी विद्यापीठात या कामाला धड जागा नव्हती. यंत्रं घरातल्या बैठकीच्या खोलीपासून मिळेल त्या ठिकाणी हलवत काम चाललं होतं. नवं काही सुरू करणाऱ्या विभागांची पहिली काही वर्षं अशीच जातात.

१९५५ मध्ये रॉकफेलर प्रतिष्ठाननं सुमारे १० हजार डॉलर दिले, तेही यंत्रासाठी नव्हे, तर युरोप-अमेरिकेतल्या स्टुडिओंची पाहणी करण्यासाठी. मला या सगळ्या इतिहासातलं हे सगळ्यात शहाणपणाचं अनुदान वाटतं. दोघे पॅरिस, कलोन, मिलान इथले स्टुडिओ पाहून आले. पॅरिसमध्ये पिएर शेफर १९४८ पासून मुद्रित आवाजांतून संगीत रचत होता. कलोनचा स्टुडिओ पश्चिम जर्मन रेडिओचा, मिलानचा इटालियन रेडिओचा. म्हणजे तिन्ही ठिकाणी स्टुडिओ नभोवाणीच्या आधारानं उभे होते आणि नभोवाणीकडे अभियंते, तंत्रज्ञ, दुरुस्तीची कार्यशाळा हे सगळं आधीपासून पगारावर होतं. संगीतकारानं यायचं आणि काम करायचं. अमेरिकेत हे काम विद्यापीठांकडे आलं आणि विद्यापीठाच्या संगीत विभागात हार्मनीचा प्राध्यापक होता, पियानोचा शिक्षक होता, पण तंत्रज्ञ हे पदच नव्हतं. आपल्याकडच्या विभागांची आजची अडचण नेमकी हीच आहे.

याच सुमारास आरसीए कंपनीच्या प्रिन्स्टन इथल्या प्रयोगशाळेत हॅरी ओल्सन आणि हर्बर्ट बेलार यांनी विजेवर आवाज घडवणारं सिंथेसायझर तयार केलं होतं. प्रिन्स्टन विद्यापीठातला संगीतकार मिल्टन बॅबिट त्याच्याकडे ओढला गेला. त्याला लय आणि स्वर यांवर इतकं काटेकोर नियंत्रण हवं होतं की ते माणसाच्या हातून वाजवून घेणं अवघड होतं. कोलंबिया आणि प्रिन्स्टन एकत्र आले आणि १९५९ मध्ये रॉकफेलर प्रतिष्ठाननं त्यांना पाच वर्षांसाठी १,७५,००० डॉलर मंजूर केले. त्यातून कोलंबिया-प्रिन्स्टन इलेक्ट्रॉनिक संगीत केंद्र उभं राहिलं.

आरसीएचं दुसरं, मोठं यंत्र, मार्क टू, न्यूयॉर्कच्या १२५व्या रस्त्यावरच्या प्रेंटिस हॉलमध्ये बसवलं गेलं. ही इमारत पूर्वी दूध बाटल्यांत भरण्याचा कारखाना होती. यंत्राचं वजन सुमारे तीन टन, आत सुमारे १,७०० निर्वात नळ्या, आणि एक भिंत अडवणारी लांबी. स्वर, त्याची उंची, जोर, पोत हे सगळं कागदी पट्टीवर भोकं पाडून द्वयंक, म्हणजे शून्य आणि एकच्या, पद्धतीनं सांगायचं. थोड्या क्षणांच्या संगीतासाठी दिवसच्या दिवस पट्ट्या टोचत बसावं लागे. बॅबिटनं ते वर्षानुवर्षं केलं.

या केंद्राची गोष्ट सांगताना सगळे मार्क टू पाशी थांबतात, कारण फोटोत तेच भारदस्त दिसतं. पण तिथे येणाऱ्या बहुतेक संगीतकारांनी त्या यंत्राला हातही लावला नाही. ते काम करत होते टेपच्या साध्या स्टुडिओंत, आणि ते स्टुडिओ चालू ठेवणारी माणसं वेगळी होती. मॉझी अभियंता म्हणून होताच. तुर्कस्तानातून बुलेंत आरेल आला. तो संगीतकार होता आणि त्याला ध्वनितंत्राचं ज्ञानही होतं, स्टुडिओ लावण्यात त्याचा हात होता. अर्जेंटिनाचा मारिओ डेव्हिडोव्स्की, पुढे शिल्पकार म्हणून नाव मिळवलेला जेम्स सीराइट हे तंत्रज्ञ म्हणून राबले. ॲलिस शील्ड्स आणि प्रिल स्मायली या दोघींनी कित्येक वर्षं नवोदितांना यंत्रं शिकवली. इजिप्तचा हलीम अल-दाब्हही याच सुरुवातीच्या वर्षांत तिथे येऊन काम करून गेला. मे १९६१ मध्ये केंद्राच्या पहिल्या जाहीर मैफली झाल्या, त्यांत यांतल्या अनेकांच्या रचना होत्या. पुढे चार्ल्स वुओरिनननं आरसीएच्या यंत्रावर केलेल्या रचनेला १९७० चा आणि डेव्हिडोव्स्कीच्या पियानो व टेपसाठीच्या रचनेला १९७१ चा पुलित्झर पुरस्कार मिळाला. दोन वर्षांत दोन पुलित्झर! आणि त्यांतला एक विजेता याच केंद्रात तंत्रज्ञाचं काम केलेला माणूस होता.

आणखी एक धागा इथूनच निघतो. पुढे स्वतःच्या नावाच्या सिंथेसायझरमुळे गाजलेला रॉबर्ट मूग कोलंबियात विद्युत अभियांत्रिकी शिकला, मॉझी तिथे त्याचा शिक्षक होता. १९६५ मध्ये उसाचेव्स्कीनं मूगकडे काही उपकरणं बनवायला दिली आणि आवाज कसा उठावा, किती उतरावा, कुठे टिकावा आणि कसा विरावा, हे चार टप्प्यांत मांडून दिलं. आज फोनवरच्या फुकट ॲपमध्येही हे चार खटके दिसतात. संगीत विभागाच्या गरजेतून आलेली ही मागणी होती. कोलंबियातच शिकलेल्या संगीतकार वेंडी कार्लोसनं पुढे मूगचं वाद्य घराघरात पोचवलं.

मार्क टूचं पुढे काय झालं? संगणकानं त्याला मागे टाकलं. बेल प्रयोगशाळेत मॅक्स मॅथ्यूजनं १९५७ मध्येच संगणकाकडून संगीत वाजवून घेतलं होतं. सत्तरच्या दशकात आरसीएचं यंत्र नादुरुस्त झालं आणि तसंच राहिलं. १९९७ च्या सुमारास एकानं खटपट करून त्यातून आवाज काढला, ते शेवटचं. केंद्र मात्र बंद पडलं नाही. ते संगणक संगीत केंद्र झालं आणि त्याच इमारतीत राहिलं. ते जुनं यंत्रही तिथेच आहे, जमिनीला बोल्टनं आवळलेलं.

स्टॅनफर्डची वाट वेगळी. तिथे १९६४ मध्ये जॉन चाउनिंग या तालवादक विद्यार्थ्याकडे अनुदान नव्हतं, यंत्र नव्हतं, संगणकाचं ज्ञानही नव्हतं. मॅथ्यूजचा लेख वाचून त्यानं प्रोग्रामची छिद्रपत्रं आणली. विद्यापीठाच्या वाद्यवृंदात ट्यूबा वाजवणाऱ्या डेव्हिड पूल या गणिताच्या विद्यार्थ्यानं त्याला संगणक वापरायला शिकवलं, आणि कृत्रिम बुद्धिमत्ता प्रयोगशाळेच्या यंत्रावर दोघं रात्रीबेरात्री काम करू लागले. १९६७ मध्ये एका स्वराची कंपनसंख्या दुसऱ्या स्वरानं वेगानं खाली-वर हलवून गुंतागुंतीचे आवाज मोजक्या गणितात मिळवण्याची युक्ती चाउनिंगला सापडली. अमेरिकन ऑर्गन कंपन्यांनी ती नाकारली, जपानच्या यामाहा कंपनीनं घेतली. मधल्या काळात स्टॅनफर्डनं चाउनिंगला कायम केलं नाही! शोधाचं मोल कळल्यावर त्याला परत बोलवावं लागलं. १९७५ मध्ये त्याच्या पुढाकारानं संगीत आणि ध्वनिशास्त्राच्या संगणकीय संशोधनाचं केंद्र सुरू झालं. १९८३ मध्ये याच युक्तीवर चालणारं यामाहाचं डीएक्स-सेव्हन हे सिंथेसायझर बाजारात आलं आणि पेटंटच्या स्वामित्वधनातून विद्यापीठाला दोन कोटी डॉलरहून अधिक मिळाले. संगीत विभागातला माणूस टिकवायला पैसे नाहीत असं म्हणणाऱ्या प्रत्येक कुलगुरूंसमोर हे उदाहरण ठेवायला हवं.

आपल्या देशातही मूगचं वाद्य फार लवकर आलं होतं. १९६९ मध्ये अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेत अमेरिकन पियानोवादक डेव्हिड ट्यूडरनं इलेक्ट्रॉनिक संगीताचा स्टुडिओ लावला. यामागे गीता साराभाई यांची प्रेरणा होती. १९४६ मध्ये न्यूयॉर्कमध्ये त्यांनी जॉन केज या अमेरिकन संगीतकाराला भारतीय संगीत शिकवलं होतं आणि त्याच्याकडून पाश्चात्त्य संगीत शिकल्या होत्या. ट्यूडर काही महिन्यांनी परतला. स्वतः गीता साराभाई, अतुल देसाई, जिनराज जोशीपुरा, एस. सी. शर्मा, आय. एस. माथुर यांनी त्या यंत्रावर खरोखर धाडसी रचना केल्या, पण १९७०च्या दशकाच्या सुरुवातीलाच ते काम थांबलं. टेप्स कपाटात राहिल्या आणि २०१७ मध्ये पॉल पुर्गस या ब्रिटिश कलावंताला त्या सापडेपर्यंत बहुतेकांना त्यांचा पत्ताही नव्हता. न्यूयॉर्कला जी शिष्यपरंपरा तयार झाली, ती इथे झाली नाही. पहिल्या पाच जणांनंतर सहावा आला नाही. हे वाचताना मन खट्टू होतं, कारण ज्ञान, यंत्र आणि हौस तिन्ही गोष्टी तिथे हजर होत्या.

मुंबईत गोष्टी हळू घडल्या, पण टिकल्या. मुंबई विद्यापीठाच्या संगीत केंद्राचे पहिले संचालक अशोक दा. रानडे. १९६८ ते १९८३ ही वर्षं त्यांनी तिथे काढली, पुढे ते मुंबईतल्याच एनसीपीए या संगीत-नृत्य-नाट्याच्या राष्ट्रीय केंद्रात गेले. गाणं, आवाज, लोकसंगीत आणि ध्वनिमुद्रित पुरावा यांकडे एकत्र पाहायची शिस्त त्यांनी मराठी संगीतविचारात आणली. ऐंशीच्या दशकात एनसीपीएत बर्नार्ड बेल यांच्या यंत्रावर रागातल्या स्वरांच्या हालचाली आलेखावर उतरवण्याचं काम झालं. नंतर तिथल्याच सुवर्णलता राव आणि ॲमस्टरडॅमचे विम व्हॅन देर मीर यांनी संगणकावर रागगायनाचे चलत् आलेख तयार केले. यंत्रं बदलत गेली, रागाला प्रश्न विचारणारी माणसं मात्र त्याच कामात टिकून होती. १९८२ मध्ये अमेरिकन इन्स्टिट्यूट ऑफ इंडियन स्टडीजनं सुरू केलेलं, आज गुरुग्रामला असलेलं ध्वनिसंग्रह केंद्र फोर्ड फाउंडेशनच्या मदतीनं उभं राहिलं. टेप जपणं, सूची करणं हे प्रशिक्षित माणसाचं पूर्णवेळ काम आहे हे त्या केंद्रानं भारतात रुजवलं.

अलीकडचं उदाहरण २०११ ते २०१७ या काळातलं. युरोपीय संशोधन परिषदेच्या अनुदानावर बार्सिलोनाच्या पोम्पेऊ फाब्रा विद्यापीठात झाविएर सेरा यांनी कॉम्पम्युझिक हा प्रकल्प चालवला. सेरा हे चाउनिंगच्या स्टॅनफर्ड केंद्रातच घडलेले. हिंदुस्तानी, कर्नाटक, तुर्की, अरब-अंदालुसी आणि चिनी संगीत या पाच परंपरा घेऊन त्यांनी संगणकाला त्या त्या परंपरेच्या अटींवर ऐकायला शिकवायचं ठरवलं: षड्ज कुठे आहे, सम कुठे येते, रागाचं चलन कसं ओळखायचं. मुंबईच्या आयआयटीतल्या प्रीती राव आणि मद्रास आयआयटीतल्या हेमा मूर्ती यांचे गट त्यात सहभागी होते. प्रकल्पातून पीएचडीचे विद्यार्थी तयार झाले आणि त्यांनी गोळा केलेले ध्वनिसंग्रह, लिहिलेले प्रोग्राम संशोधकांसाठी खुले ठेवले गेले. महाराष्ट्रातला कुठलाही संगीत विभाग आज ते साध्या संगणकावर उतरवून घेऊ शकतो. त्यासाठी वेगळं यंत्र लागत नाही. लागतं ते एक मंजूर पद, ज्यावर राग आणि प्रोग्राम दोन्ही कळणाऱ्या माणसाला दरमहा पगार मिळेल.